शाळेचे तुणतुणे : बनावट, जुळवणी व वापर

एखादा मनुष्य तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगू लागला म्हणजे 'त्याचे तेच तुणतुणे चालू आहे' असे लोक म्हणतात. या वाक्प्रचाराने एका उपयुक्त वाद्यावर अन्यायच केला आहे. पोवाडा गाणारा शाहीर असो, देवीचा गोंधळ घालणारा गोंधळी असो, की जलशातील गायक असो, त्याचा आवाज रात्रभर एकाच आधारस्वरावर उभा ठेवण्याचे काम ही एक तार करीत आली आहे. ज्या एकसुरीपणाबद्दल तुणतुण्यास नावे ठेवली जातात, तो एकसुरीपणाच प्राथमिक शाळेच्या कामाचा आहे. पेटी घेण्याची ऐपत व ती वाजविण्याचे शिक्षण प्रत्येक शाळेत असत नाही. तुणतुण्यास दोहोंचीही फारशी गरज नाही.

रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापाराचे गाव. त्याच्या आसपासच्या खेड्यांतील शाळांत बागायतदारांची मुले असतात, केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांची असतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडील तडवी व पावरा कुटुंबांतील मुलेही असतात. कोणी घरी लेवा बोली बोलतो, कोणी तडवी, कोणी पावरी. पुस्तकातील मराठी या सर्वांनाच थोडीबहुत परकी वाटते. अशा वर्गात सर्वांनी मिळून करावयाचे पहिले काम म्हणजे गाणे होय. अक्षर न ओळखणारे मूलही पहिल्या दिवशी गाण्यात सामील होऊ शकते. यास्तव परिपाठाच्या वेळी ज्या मुलास 'तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस' असे सांगितले जाते, त्याचे नुकसान केवळ संगीताचे होत नाही. वर्गात तोंड उघडावयाचे नसते, एवढाच धडा ते त्यातून घेते. आणि हा धडा मात्र ते पुढे भाषेच्या तासालाही विसरत नाही.

असे एखादे मूल बहुतेक प्रत्येक शाळेत असते. त्याला 'गळा नाही' असा शेरा मारण्यापूर्वी गाणे कोणत्या सुरात सुरू झाले, हे पाहणे अवश्य आहे.

मुलांचा सूर

सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा आवाज साधारणतः पेटीच्या मधल्या सप्तकात, म्हणजे पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत, सुखाने फिरतो. प्रौढ पुरुषाचा षड्ज याच्या एक सप्तक खाली असतो. गुरुजींनी खालच्या काळी एकमध्ये प्रार्थना सुरू केली, तर ज्या मुलांचा कान तयार आहे ती आपोआप एक सप्तक वर जाऊन गातात. इतर मुले मात्र गुरुजींच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू पाहतात, खाली उतरतात आणि घोगऱ्या आवाजात पुटपुटू लागतात. त्यांनाच आपण बेसूर म्हणतो. वस्तुतः त्यांनी आज्ञा अधिक प्रामाणिकपणे पाळलेली असते. बाईंच्या बाबतीत अडचण निराळी आहे. स्त्रियांचा षड्ज मधल्या सप्तकाच्या थोडा खाली, काळी चार-काळी पाचच्या सुमारास असतो. तेथून सुरू झालेले गाणे लहानांना तळाशी पोहोचत नाही. आणि पटांगणात सर्वांना ऐकू जावे म्हणून कोणी पांढरी चार-पाचमध्ये खडा सूर लावला, तर चाल वर चढताच किंचाळणे सुरू होते.

राष्ट्रगीताचे उदाहरण घ्यावे. त्याची चाल मंद्र निषादापर्यंत उतरते व अखेरच्या जयघोषात तार षड्जापर्यंत चढते. म्हणजे सप्तकभराहून थोडी अधिक जागा तिला लागते. षड्ज पांढरी एक ते पांढरी दोनच्या दरम्यान असेल, तरच ती मुलांच्या गळ्यात मावते. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या बालगीताला एवढे बंधन नाही; तेथे षड्ज पांढरी तीन-चारपर्यंत नेला तरी चालतो.

तुणतुण्याचा मोठा लाभ येथेच आहे. त्याची तार मुलांच्याच सप्तकात बोलते. गुरुजींच्या आवाजाचे भाषांतर करण्याचे कष्ट मुलाला पडत नाहीत.

बनावट

तुणतुण्याचे भाग थोडे आहेत. सुमारे २० ते २५ सेंटिमीटर उंचीचे लाकडी नळकांडे. त्याच्या तळाला ताणून बसविलेले शेळीचे कातडे. वरचे तोंड उघडे. नळकांड्याच्या बाहेरील अंगास घट्ट बसविलेली बांबूची दांडी. दांडीच्या माथ्यावर फिरणारी खुंटी. आणि कातड्याच्या मध्यातून निघून नळकांड्याच्या पोकळीतून वर खुंटीपर्यंत गेलेली एक पोलादी तार. तार छेडली की कातडे हलते व पोकळीत आवाज घुमतो.

लाकडी नळकांडे मिळाले नाही तर पत्र्याचा मजबूत गोल डबा चालतो, मात्र त्याच्या कडा ठोकून बोथट केल्याशिवाय तो मुलांच्या हाती देऊ नये. कातडे डफ-हलगी मढविणाऱ्या कारागिराकडूनच चढवून घ्यावे. शिक्षकांनी स्वतः हा खटाटोप केल्यास कातडे एका अंगाला सैल राहते आणि आवाज फुटका येतो. कातड्याच्या मध्यातील छिद्रातून तार तशीच ओवल्यास ती कातडे चिरून बाहेर येते. म्हणून बाहेरच्या बाजूस जाड चामड्याची चकती किंवा मोठे बटण घालून त्यावर गाठ मारावी.

तारेविषयी काटकसर करू नये. सायकलच्या ब्रेकच्या तारेचा एक पेड उलगडून लावण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी केली जाते. तो पेड जाडीला बरोबर असतो, परंतु त्यातील पीळ पूर्णपणे जात नाही आणि सूर स्थिर राहत नाही. सतारीची बाजाची पोलादी तार, सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची, वाद्यांच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. एका वेटोळ्यात कित्येक वर्षांचे काम होते. बांधणीसाठी या भागात केळीचे सोपट हाताशी असते, तेही वापरू नये. ओले असताना ते घट्ट बसते, वाळले की सैल पडते. मेण लावलेला सुती दोरा उत्तम.

सारे कठीण काम खुंटीत आहे. ती गोल असून चालत नाही, टोकाकडे किंचित निमुळती असावी लागते, म्हणजे आत दाबली की अडकते. घसरू लागल्यास तिला कोरडा खडू चोळावा. तो शाळेत कधीच संपत नाही. ही कला प्रत्यक्ष पाहूनच येते. सावद्याच्या टापूत त्यासाठी दूर जावे लागणार नाही. मुक्ताईनगर तालुक्यातील कोथळी-मेहूणची मुक्ताई जवळच असल्याने या बाजूस वारकऱ्यांची वस्ती मोठी आहे, आणि अखंड हरिनाम सप्ताहात वीणा रात्रंदिवस कोणा ना कोणाच्या खांद्यावर राहते. पहारा बदलताना एकमेकांस नमस्कार करून ती हाती दिली जाते, खाली ठेवली जात नाही. गावचा विणेकरी खुंटी व घोडी यांविषयी जे एका सकाळी दाखवील, ते लेखातून सांगणे शक्य नाही.

जुळवणी

तार लावताना पेटीची मदत घेता येईल. हल्ली भ्रमणध्वनीतही सूर मोजण्याची सोय असते व तानपुऱ्याचा नादही त्यातून ऐकविता येतो. त्याचा उपयोग जुळवणीपुरता जरूर करावा. परिपाठात मात्र यंत्रातून येणाऱ्या नादापेक्षा समोर कंप पावणारी तार बरी. मुलाला ती दिसते, हात लावून कळते, आणि ती वाजविण्याची पाळी त्याच्याकडे येऊ शकते.

याहूनही चांगली रीत अशी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. ती कोणी शिकविलेली नसतात आणि सुरू करताना कोणी सूर देत नाही. वर्गातील चार-पाच मुलींना त्यांतील एक गाणे आपसांत म्हणावयास सांगावे आणि शिक्षकांनी गप्प बसावे. गाणे फिरून फिरून ज्या स्वरावर विसावते, तो स्वर तुणतुण्यावर लावून घ्यावा. हीच रीत निरनिराळ्या दिवशी तीन-चार वेळा केली म्हणजे वर्गाचा स्वाभाविक षड्ज सापडतो. बहुधा तो पांढरी एक ते पांढरी चारच्या दरम्यानच निघतो. राष्ट्रगीतासाठी त्यातील खालची बाजू घ्यावी. मुलींना आपण परीक्षा देत आहोत असे कळले की त्या गळा चोरतात व सूर खाली जातो. म्हणून ही नोंद खेळाच्या ओघात घ्यावी.

खुंटी फिरविताना खालून वर जावे. तार अपेक्षित स्वराच्या वर गेली तर पुरती उतरवून पुन्हा चढवावी. वरून उतरवून थांबविलेली तार थोड्याच वेळात आणखी उतरते. नवी तार पहिले दोन-तीन दिवस सैलावतच राहील, त्यात वाद्याचा दोष नाही. तार चढविताना मुलांचे चेहरे तारेच्या रेषेत असू नयेत.

वर्गातील वापर

डाव्या हाताने वाद्य सावरून उजव्या हाताच्या तर्जनीने किंवा गुळगुळीत काडीने तार छेडावी. पोवाड्यातील द्रुत ठेका येथे नको. प्रार्थनेसाठी प्रत्येक मात्रेस एक आघात पुरे. चाल संथ असल्यास दोन, कारण छेडलेला नाद लवकर विरतो.

आरंभी शब्द मुळीच घेऊ नयेत. तार छेडावी, मुलांनी डोळे मिटून ऐकावे, नंतर ओठ मिटून तोच नाद गुणगुणावा. घाई करू नये; ऐकणे व गुणगुणणे यांत दोन श्वासांचे अंतर ठेवावे. यानंतर शिक्षकांनी, किंवा बरे तर एखाद्या मुलीने, एक छोटा स्वरसमूह म्हणावा व बाकीच्यांनी झीलकऱ्यांप्रमाणे तो उचलावा. मुलांना अनुकरणासाठी मुलाचा आवाज मोठ्या माणसाच्या आवाजापेक्षा सोपा जातो.

पुटपुटणारे मूल असेल त्यास तुणतुण्याजवळ बसवावे आणि त्याचा तळहात नळकांड्यावर ठेवावा. त्याला गा असे सांगू नये. त्याने मनाला येईल तो आवाज काढावा, आणि शिक्षकांनी खुंटी फिरवून तार त्या आवाजापर्यंत आणावी. तार आपल्याशी जुळली, हा अनुभव पुष्कळ मुलांनी जन्मात घेतलेला नसतो. जुळणे म्हणजे काय हे एकदा कळल्यावर तार किंचित वर न्यावी व त्यास मागोमाग येऊ द्यावे. रोज पाच मिनिटे, इतर मुले कामात असताना, हा प्रयोग केला तर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. सूर न लागणे हा बहुतेक मुलांत सवयीचा अभाव असतो. जन्मतःच सुराचे ज्ञान नसलेली माणसे विरळा.

एवढे करूनही एखादे मूल नादाच्या दिशेने वळत नसेल, मागे बसले असता हाक ऐकत नसेल, किंवा त्याचा कान वाहत असेल, तर प्रश्न गाण्याचा राहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून शाळांत आरोग्यपथके येतात. त्यांच्या भेटीची वाट पाहत न बसता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. आडदांड, लक्ष न देणारा म्हणून ज्याची गणना होते, तो मुलगा कित्येकदा नीट ऐकूच शकत नसतो.

सातवी-आठवीतील मुलांचे आवाज फुटू लागतात. त्यांना वरच्या स्वरात ओरडावयास लावू नये. वाद्य वाजविण्याची पाळी त्यांना द्यावी, त्यांचा मानही राहतो. राष्ट्रगीताच्या वेळी मात्र सर्वांनी सावधान स्थितीत उभे राहावयाचे असल्याने तुणतुण्यावर केवळ आरंभीचा षड्ज ऐकवून वाद्य खाली ठेवावे.

पडद्यांची पट्टी

तुणतुण्यावर चाल वाजविता येत नाही. ज्या शिक्षकांना ती हौस आहे, त्यांनी त्याच तारेची दुसरी वस्तू करून पाहावी. सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची सरळ फळी घेऊन तिच्या एका टोकास मेरू, दुसऱ्या टोकाकडे घोडी बसवावी, आणि दोहोंमधील अंतर काटेकोरपणे ६० सेंटिमीटर ठेवावे. घोडीखाली पोकळ पेटी किंवा पत्र्याचा डबा जोडल्यास आवाज वाढतो. तारेखाली सायकलच्या आऱ्यांचे तुकडे पडदे म्हणून बसवावयाचे. मेरूपासून त्यांची अंतरे अशी: ऋषभ ६.७, गांधार १२, मध्यम १५, पंचम २०, धैवत २४, निषाद २८ व तार षड्ज ३० सेंटिमीटर.

हे आकडे मुलांना तयार देऊ नयेत. उरलेली तार मूळ तारेच्या ऋषभास ८/९, गांधारास ४/५, मध्यमास ३/४, पंचमास २/३, धैवतास ३/५, निषादास ८/१५ आणि तार षड्जास १/२ असते, एवढेच सांगावे. ६० ला या अपूर्णांकांनी गुणून उत्तर ६० मधून वजा करणे हा पाचवी-सहावीचा पाठ आहे, आणि उत्तर चुकले तर कान ते सांगतो. सतराव्या शतकातील अहोबल पंडिताने 'संगीतपारिजात' ग्रंथात स्वरांच्या जागा अशाच तारेच्या लांबीवरून सांगितल्या आहेत. दोन षड्जांच्या बरोबर मध्यावर मध्यम, हे त्याचे सूत्र वरील १५ आणि ३० या आकड्यांत मुलांना स्वतः सापडेल.

पडदे प्रथम सर्व बसवू नयेत. मध्यम व निषाद वगळून पाचच ठेवले की भूपाचे स्वर मिळतात. मग मुलाने कोठेही बोट ठेवले तरी कानाला खटकणारा स्वर निघत नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन डोंगरातील लोक डल्सिमर नावाचे वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवितात, त्यातही हीच खुबी आहे. त्यास बहुधा तीन तारा असतात; एकीवर काडी सरकवीत चाल काढतात, उरलेल्या दोन सतत आधारस्वर देतात, आणि पडदे लोकगीतांना लागणाऱ्या स्वरांपुरतेच असल्याने नवशिक्याचा हात भलत्या स्वरावर पडत नाही. जर्मन वसाहतवाल्यांनी नेलेल्या वाद्यापासून ते निपजले, आणि केंटकीतील जीन रिची (१९२२–२०१५) या गायिकेने ते डोंगराबाहेर नेले. आपल्याकडील मिरवणुकांतून 'बेंजो' म्हणून वाजणारा बुलबुलतरंग हाही त्याच तत्त्वाचा. त्याचे मूळ वाद्य जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये तयार झाले. फरक इतकाच की त्यात बोटाऐवजी कळ तार दाबते. विकतचा बुलबुलतरंग शाळेत असेल तर अवश्य वापरावा, परंतु अपूर्णांकांचा पाठ त्यात झाकलेला राहतो.

पट्टीवर एक चूक हमखास होते. तार पडद्यापासून फार उंच असली तर दाबताना ती ताणली जाते व प्रत्येक स्वर चढा निघतो. तार षड्जाच्या पडद्यावर दाबून निघणारा स्वर आणि तारेच्या मध्याला बोट नुसते टेकवून काढलेला नाद हे दोन्ही एक आले पाहिजेत. पडद्यावरील स्वर चढा येत असल्यास घोडी प्रथम घासून कमी करावी. तरीही फरक राहिल्यास ती केसभर मागे सरकवावी.

वादक शाळेत

तुणतुणे शाळेत आणताना ते ज्यांचे आहे त्यांनाही आणावे. गोंधळी, शाहीर, डफ मढविणारे कारागीर यांच्या घरची मुले याच शाळांत शिकतात, आणि बापाच्या व्यवसायाचे नाव वर्गात निघाले की पुष्कळदा मान खाली घालतात. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतील जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक ही सारी चळवळ डफ-तुणतुण्याच्या साथीवर गावोगाव पोहोचली, ही माहिती इतिहासाच्या तासाला द्यावयास हरकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने अशा एखाद्या वादकास पाहुणा म्हणून बोलवावे, खुर्ची द्यावी, आणि त्याच्या मुलाकडून त्यांचे स्वागत करवावे. फुकट कार्यक्रम करून घेण्याची वृत्ती मात्र नसावी. त्यांचा तो दिवसाचा रोजगार असतो.

निगा

जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा वाद्यास कठीण जातो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले कातडे इतके ताणते की सूर आपोआप चढतो, क्वचित कातडे फाटते. पावसाळ्यात उलट ते ओलाव्याने ढिले पडते व कितीही खुंटी पिळली तरी आवाज भद्द येतो. त्या वेळी डफवाल्यांप्रमाणे ते थोडे उन्हाला किंवा शेकोटीच्या उबेला धरावे, तार अधिक ताणू नये. रोजची जुळवणी सकाळी, सावलीत, परिपाठापूर्वी दहा मिनिटे करावी. तारेवरील बोटांचा घाम कोरड्या फडक्याने पुसावा.

वार्षिक परीक्षा संपल्यावर तार दोन-तीन वेढे सैल करून वाद्य कापडात गुंडाळावे आणि भिंतीवर, उंदरांपासून दूर, टांगून ठेवावे. दांडीवर गतवर्षीच्या षड्जाची खूण वा नोंद असली तरी जूनमध्ये शाळा उघडल्यावर तीवर विसंबू नये. वर्ग बदललेला असतो, मुलांचे गळेही वर्षाने मोठे झालेले असतात. पहिल्या आठवड्यात चार मुलांना गाऊ देऊन तार नव्याने लावून घ्यावी.